राखफूल आणि टुणक्या

संग्रहालयाच्या नव्या दालनात मधोमध एक काचपेटी रिकामी होती. ती कुणाला द्यायची, हे ठरवण्यासाठी तिघंजण वाळवंटात निघाले होते.

दालन होतं वाळवंटातल्या जिवांचं. भिंतीलगतच्या पेट्या सरडे, विंचू आणि गवतांनी भरून झाल्या होत्या. मधली पेटी मानाची. तिला उमेदवार दोन. एक म्हणजे टुणक्या. हा मुठीत मावेल एवढा वाळवंटी उंदीर. मागचे पाय हे एवढाले लांब, शेपटीच्या टोकाला गोंडा, आणि चालणं ठाऊकच नाही, नुसत्या टुणटुण उड्या. दुसरं राखफूल. सात-आठ वर्षांतून एकदा, तेही पावसानं कृपा केली तरच, वाळूतून डोकं वर काढणारं, राखाडी-जांभळ्या फुलांचं रोप.

संचालकांना वाद ऐकण्याचा मनस्वी कंटाळा. ते म्हणाले, "दोघंही जा. डोळ्यांनी बघा आणि तुलना लिहून आणा. वहीच्या डाव्या पानावर उंदीर, उजव्या पानावर फूल. वाचून काय ते ठरवीन."

उंदराच्या बाजूनं उभी होती उंदीरबाई. हे नाव तिला सगळ्या संग्रहालयानं मिळून ठेवलेलं. मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथं खिडकीशी बसून ती मेलेल्या प्राण्यांची कातडी सोलायची, आत तार आणि कापूस भरायची, खणातल्या काचेच्या डोळ्यांतून जोडी निवडून बसवायची. त्या खोलीत पाऊल टाकणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावी आणि मग बोले.

फुलाच्या बाजूनं होते तिचे थोरले दीर. ते वनस्पती विभागाचे प्रमुख. तिचा नवरा गेल्यावर त्यांनीच शब्द टाकून तिला इथं लावलं होतं, आणि तो उपकार ते आठवड्यातून एकदा तरी चहाबरोबर तिला पाजत.

तिसरा मिस्त्री. तो संग्रहालयाची जीप चालवी आणि ती रुसली की तारेच्या तुकड्यानं तिची समजूत काढी.

"उंदीर काय, माझ्या स्वयंपाकघरातही आहेत," रस्ता संपून वाळू सुरू झाली तेव्हा भाऊजी म्हणाले. "त्यासाठी एवढं पेट्रोल जाळायचं?"

"तुमच्या घरचे पाणी पितात, भाऊजी. हा जन्मात थेंबभर पीत नाही."

"मग जगतो कशावर?"

"तेच बघायचंय. त्याला पाणी मिळतं ते खाण्यातून. पण इथं तो काय खातो, हे अजून कुणाला सापडलेलं नाही."

"माझं रोप आठ-आठ वर्षं जमिनीखाली काही न मागता पडून राहतं. त्याला ना खाणं लागत, ना पिणं."

मिस्त्रीनं आरशातून मागं पाहिलं. "पाण्याला न शिवणारा एक आणि आठ वर्षं झोपणारं दुसरं. ताई, दोन्ही गुण असलेला आमच्याकडे एक मेहुणा आहे. त्यालाच बसवा पेटीत."

उंदीरबाई खळखळून हसली. भाऊजी हसले नाहीत.

वाटेत शेवटची चौकी लागली. तिथल्या हवालदारानं वहीत तिघांची नोंद केली. "पाच दिवस म्हणताय. सहावा दिवस आम्ही वाट बघू. सातव्या दिवशी सकाळी शोधायला गाडी काढू. त्याच्या आधी नाही, पेट्रोल मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात त्यांना राखफूल दिसलं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या वाळूच्या दरडी, मध्ये भाजून तडकलेली माती, आणि त्या मातीतून, पान नाही, फांदी नाही, नुसत्या दांड्यांवर उभी असलेली राखाडी-जांभळी फुलं. वारा आला की सगळी एकदम एकाच बाजूला कलत आणि सावकाश पुन्हा ताठ होत. भाऊजींनी ती मोजली. सतरा. पुन्हा मोजली. मग ते गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. पंधरा वर्षं त्यांनी हे फूल फक्त कागदावर चिकटवलेलं, वाळून काडी झालेलं पाहिलं होतं. त्या क्षणी उंदीरबाईला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

एक रोप त्यांनी मुळाशी मातीचा गड्डा ठेवून उकरलं आणि पत्र्याच्या डब्यात बसवलं. ते जिवंत न्यायचं होतं. त्याचा कंद चांगला नारळाएवढा होता.

उंदीरबाईनं दरडीच्या पायथ्याशी पिंजरे लावले. पहाटे त्यांत तीन टुणके होते. एकाला तिनं उचललं आणि छातीवर दोन बोटांनी दाब दिला. तिच्या कामात असंच मारतात, कातडी फाटत नाही. उंदराचे टपोरे डोळे तिच्याकडे बघत होते आणि बघता बघताच त्यांतली चमक गेली. तिनं वहीत लिहिलं. डाव्या पानावर: वजन चार तोळे. उजव्या पानावर: वजन एक शेराच्या वर. बाकीचे दोघे तिनं पिंजऱ्यातच ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत फिरायचं म्हणून जीप दरडीच्या कडेनं निघाली. शंभर पावलंही गेली नसेल. दरड खचली! जीप कलली, घसरली, नाक पात्रात रुतवून थांबली. मागचं पाण्याचं पिंप खडकावर आपटून फुटलं. तिघं बाहेर येईपर्यंत वाळूनं पाणी पिऊन टाकलं होतं. तिथं नुसता काळा डाग होता, आणि तोही डोळ्यांदेखत फिका होत गेला.

मिस्त्रीनं जॅक लावला. खाली फळी घातली. चाक वीतभर उचललं गेलं. तो आत सरकला. फळी निसटली. जीप खाली आली!

त्याचा उजवा पाय मांडीपासून खाली अडकला होता. ओरडायलाही त्याला श्वास मिळेना. दोघांनी हातांनी वाळू उपसली. नखं निघाली, तरी उपसली. तासाभरानं पाय मोकळा झाला, पण गुडघ्याखाली तो भलत्याच दिशेला वळलेला होता. उंदीरबाईनं पिंजऱ्याच्या फळ्या आणि स्वतःची ओढणी घेऊन तो बांधला. मेलेल्या पायांत तार घालण्याची तिला सवय होती. जिवंत पाय बांधताना तिला प्रत्येक गाठ दोनदा मारावी लागली.

पाण्याचा एक कॅन शाबूत होता. जेमतेम बारा लिटर. चौकी चाळीस मैलांवर.

"सातव्या दिवसापर्यंत काढायचे आहेत," भाऊजी म्हणाले. "कॅन माझ्याकडे राहील. मी वाटून देईन. माणशी एक झाकण, दर दोन तासांनी."

कुणी ना म्हटलं नाही. ते मोठे होते, आणि शिस्तीचे होते.

चौथा दिवस तसाच गेला. जीपच्या सावलीत मिस्त्री पडून होता. ताप चढला होता. उंदीरबाई सकाळ-संध्याकाळ दरडीच्या पायथ्याशी जाऊन बिळं पाही. काम केलं नाही तर डोकं फिरेल, असं तिला वाटे. परत आली की ती विचारी, "मिस्त्रींना दिलंत?"

"दिलं. आत्ताच झोपलाय, उठवू नकोस."

पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्रीनं तिचा हात धरला. त्याची जीभ सुजून दातांमध्ये आली होती. "ताई, सकाळपासून एक झाकणसुद्धा नाही. साहेबांना सांगा ना. मी मागितलं की ते म्हणतात, आत्ताच तर प्यालास. मला आठवत नाही का हो? मला वेड लागलंय का?"

ती उठून जीपच्या पलीकडे गेली. भाऊजी डब्यापाशी बसले होते. डब्यातली माती काळी, ओली होती. राखफूल ताठ उभं होतं, एकही पाकळी मिटलेली नव्हती. तिनं कॅन उचलला. तो हलका लागला. तळाशी दोन पेले पाणी असेल.

"भाऊजी, हे काय केलंत?"

त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. "माझं स्वतःचं पाणीही मी यालाच दिलंय. बघ माझे ओठ." ते खरंच फाटून रक्ताळले होते. "मिस्त्री वाचणार नाही. पाय सडायला लागलाय. वास येत नाही तुला? जो जाणारच आहे त्याच्या घशात पाणी ओतायचं, की जे जगू शकतं त्याला द्यायचं? जगात माणसांना तोटा नाही. ही सतरा आहेत."

"त्यांना घरी दोन मुली आहेत."

"तुला आज पोटाला अन्न आहे ते माझ्या शब्दामुळे," ते शांतपणे म्हणाले. "कॅन खाली ठेव."

तिनं कॅन ठेवला नाही. त्यांनी हिसकला. तिनं सोडला नाही. त्यांच्या हातात खुरपं होतं, ते त्यांनी तिच्या मनगटावर मारलं. हाड वाजलं! तरी तिनं कॅन छातीशी धरला आणि जीपला वळसा घालून पळाली. दोन्ही पेले तिनं मिस्त्रीच्या तोंडात घोट-घोट करून घातले. स्वतःला एक थेंबही ठेवला नाही. मग तिला कळलं, की आता कुणाकडेच काही नाही, आणि अजून दोन दिवस काढायचे आहेत.

मनगट सुजून टम्म झालं होतं. ती पिंजऱ्यापाशी जाऊन बसली. पिंजरा दरडीच्या पायथ्याशी होता, आणि रात्री जाळीतून बाहेरचं काहीबाही आत ओढून खाणारे दोन टुणके मजेत होते. तीन दिवस पाणी नाही, आणि कातडी कशी तुकतुकीत. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एकाला काढलं, मारलं, आणि डाव्या हातानं त्याचं पोट उभं चिरलं.

आत पांढरा, ओलसर गर होता. भरपूर. तिनं बोटावर घेऊन चाटला. कडवट, पण पाणीच पाणी!

ती गुडघ्यांवर रांगत बिळांकडे गेली. दोन दिवस तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी कंदांचे उष्टे तुकडे पडले होते. राखफुलाचेच कंद. पण पुरे खाल्लेले नव्हेत. बाहेरचा पांढरा गर कुरतडून घेतलेला, आणि मधला सुपारीएवढा लालसर गाभा जसाच्या तसा टाकलेला. एका बिळाशी, दुसऱ्याशी, तिसऱ्याशी, सगळीकडे हेच. एकाही उंदरानं गाभ्याला दात लावला नव्हता.

तिनं खुरपं शोधून आणलं आणि पहिलं रोप उपटलं.

भाऊजी धावत आले. धावत कसले, पडत-धडपडत आले. "हात लावू नकोस. सगळ्या पृथ्वीवर एवढीच असतील. तुला कळतंय का काय करतेस?"

"कळतंय."

"मला मार त्यापेक्षा."

तिनं खुरपं खाली ठेवलं नाही. फुलाचा दांडा तोडून बाजूला ठेवला, कंद दगडावर ठेवून चिरला, गाभा काढून फेकला, गर फडक्यात बांधून पिळला. वाटीभर कडू पाणी निघालं. ते तिनं मिस्त्रीला पाजलं. चोथा स्वतः चघळला. संध्याकाळपर्यंत पाच रोपं संपली. दर रोपागणिक भाऊजी कण्हत, जणू त्यांचंच बोट कुणी तोडत होतं. तिनं त्यांच्यापुढे वाटी धरली, तर त्यांनी तोंड फिरवलं.

सहाव्या दिवशी उन्हानं कहर केला. जीपच्या पत्र्याला हात लागला की कातडी सोलून निघे. आणखी सहा रोपं गेली. मिस्त्री शुद्धीत येई, जाई. पायाला खरंच वास येत होता. दुपारी भाऊजी सरपटत तिच्याजवळ आले. डोळे खोल गेले होते. पत्र्याच्या डब्यातलं रोप त्यांनी पोटाशी धरलं होतं, आणि ते आता कोमेजून लोंबत होतं.

त्यांनी डबा तिच्यापुढे उलटा केला. कंद मातीसकट बाहेर पडला. "मलाही दे," ते म्हणाले.

तिनं कंद चिरला. गाभा काढून वाळूवर टाकला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लाल, रसरशीत, बाकी सगळ्यापेक्षा ओला दिसणारा गाभा.

"तो का टाकतेस?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. उंदीर खात नाहीत म्हणून. चार शब्द. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. आपल्याला वेड लागलंय का, असं विचारणारा त्याचा चेहरा तिला आठवला. मग तिनं आपल्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"वनस्पतींतलं मला काय कळतं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही जाणकार."

त्यांनी गाभा उचलला आणि तोंडात टाकला. दोनदा चावला. गिळला.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांनी घसा धरला. जीभ बाहेर आली, फुगत गेली. तोंडातून फेस. घशातून शिट्टीसारखा आवाज. ते वाळूवर लोळू लागले, टाचा घासू लागले. उंदीरबाई बसल्या जागी बसून पाहत होती. किती वेळ? तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. पंधरा श्वास असतील. पन्नास असतील. तिला त्यात बरं वाटलं होतं, हे मात्र तिला पक्कं आठवत राहिलं.

मग ती उठली. त्यांच्या छातीवर गुडघा रोवला, जबडा उघडला, दोन बोटं घशात घालून ओकायला लावलं. त्यांनी बोटं चावली. तिनं काढली नाहीत. लाल तुकडे बाहेर आले. तिच्या आणि मिस्त्रीच्या वाटणीचं पिळून ठेवलेलं सगळं पाणी तिनं त्यांच्या तोंडात ओतलं, खळखळून बाहेर काढलं. गळ्याची सूज वाढतच होती. पिंजऱ्याच्या दाराला पितळी नळीचा तुकडा बसवलेला होता. तो तिनं उपसून काढला, जिभेच्या कडेनं आत सरकवला आणि हातानं धरून बसली. नळीतून हवा ये-जा करू लागली. संध्याकाळ झाली तरी तिनं हात हलवला नाही.

सातव्या दिवशी सकाळी उरलेली पाच रोपं तिनं उपटली. आता पात्रात एकही फूल नव्हतं. तिथं नुसते खड्डे होते, उकरलेल्या थडग्यांसारखे. शेवटची वाटी मिस्त्रीला पाजून ती सावलीकडे येत होती, तेव्हा एका बिळाच्या तोंडाशी तिचा पाय अडखळला. उंदरानं कधीतरी टाकून दिलेला एक जुना गाभा वाळूत अर्धा गाडला गेला होता. त्याच्या शेंड्यातून हिरवा कोंब आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

ती तिथंच बसली. शेजारच्या बिळाशी उकरून पाहिलं. तिथंही एक. कोरड्या पात्रातली सतरा फुलं कुणी लावली होती, ते तिला कळलं. उंदीर कंद कुरतडून तुकड्या-तुकड्यानं आणत होता, बाहेरचं खात होता, आणि ज्यात जीव होता ते बिळाच्या थंड वाळूत सोडून देत होता.

गेल्या दोन दिवसांत तिनं फेकलेले गाभे इकडे-तिकडे पडले होते. तिनं ते वेचले. सोळा. एका हातानं वाळू उकरत प्रत्येक गाभा बिळाच्या तोंडाशी कोपरभर खोल पुरला. पिंजऱ्यात राहिलेल्या शेवटच्या टुणक्याला तिनं दार उघडून दिलं. तो क्षणभर बिचकला, आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला.

"ताई, काय पुरताय?" मिस्त्रीनं क्षीण आवाजात विचारलं.

"काही नाही. पडून राहा."

दुपारी क्षितिजावर धूळ उठली. चौकीची गाडी येत होती!

मिस्त्रीचा पाय मांडीपासून कापावा लागला. तो वाचला. भाऊजीही वाचले, पण घशातलं काहीतरी कायमचं जळून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता आवाज येणार नाही.

तीन आठवड्यांनी ती त्यांना भेटायला गेली. इस्पितळाच्या खोलीत खाटेशेजारी पाटी आणि खडू ठेवलेला होता. ते उशीला टेकून बसले होते. गाल आत गेले होते. तिला पाहताच त्यांनी पाटी ओढून लिहिलं: तुला ठाऊक होतं?

"हो," ती म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिनं नजर वळवली नाही. मग त्यांनी बाहीनं पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, तेव्हा अक्षरं एकमेकांवर चढली: किती उरली?

सोळा गाभे थंड वाळूत होते. पण सांगितलं असतं तर या माणसानं चालता येताच पुन्हा डबा उचलला असता. आणि तो एकटा गेला नसता. पाटीवरचे शब्द संचालकांपर्यंत, तिथून सगळीकडे पोहोचले असते, आणि पुढच्या पावसानंतर तिथं जिपांची रांग लागली असती. शिवाय आणखी एक कारण होतं. ते तेवढं चांगलं नव्हतं, आणि तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही.

"एकही नाही, भाऊजी," ती म्हणाली.

त्यांचे खांदे हलू लागले. तोंड उघडलं, पण रडण्याचा आवाज आला नाही. पाटी मांडीवरून घसरून खाली पडली. ती उचलून तिनं त्यांच्या उशाशी ठेवली, पेल्यात पाणी ओतून त्यांच्या हाताला लागेल असं ठेवलं, आणि दार ओढून घेऊन बाहेर पडली.